खाटेला बांधलेली मशीन

"रविवारी कबाडीवाला आला का त्याले वर बोलाव. हे मशीन देऊन टाकू," आई म्हणाली. वरणभात कालवता कालवता म्हणाली, रद्दी काढायची असावी तसं. माझा घास हातातच राहिला.

"काहून?"

"माही मशीन नाही राहिली ते. जागा अडवून राहिली नुस्ती."

माझं डोकंच फिरलं. कबाडीवाल्याला द्यायला ती काय गंजलेली बादली होती? काळी, पायानं चालवायची, ओतीव लोखंडाच्या स्टँडवरची शिलाई मशीन. माझ्या जन्माच्या आधीपासून रायपुरातल्या आमच्या गुढियारीच्या घरात होती. पंडरीच्या कापड दुकानांमधून पेटीकोटाच्या कापडाचे गठ्ठे यायचे, आई शिवायची, गठ्ठे परत जायचे. मी इंजिनीअर झाले ती त्या मशीनच्या जोरावर. आणि आई म्हणते, देऊन टाक.

गुढियारीचं घर म्हणजे एक खोली, पुढे ओसरी, मागे नळ. बाबा रेल्वेच्या यार्डात मालगाडीचे डबे जोडायच्या कामावर होते. वर्षानुवर्षं रात्रपाळी. सकाळी घरी यायचे, आंघोळ करून जेवायचे आणि लोखंडी खाटेवर आडवे व्हायचे. ते आडवे झाले की आई मशीनवर बसायची. दुसऱ्यांच्या घरी माणूस झोपला की पोरांना गप्प करतात. आमच्याकडे बाबांना झोप लागायची ती मशीन सुरू झाली की. आणि थांबली की डोळे टक्क उघडे.

"काहून थांबली वं?"

"दोरा सरला. झोपा तुमी."

आई बॉबिन बदलायची, मशीन पुन्हा सुरू व्हायची आणि बाबांचं घोरणंही. हे दोन वाक्यांचं बोलणं रोज दुपारी कितीदा तरी व्हायचं. मी शाळेतून आले की दप्तर टाकून बाबांच्या पायाशी खाटेवर शिरायचे. खाटेच्या लोखंडी पट्ट्यांतून मशीनची थरथर वर यायची, गादीतून पाठीत, पाठीतून दातांत. हसू यायचं आधी, मग झोप. अजूनही दुपारी कुठं टेकले तर पाठ ती थरथर शोधते. बाबांचा चेहरा आठवायला मला फोटो लागतो, पण ती थरथर आठवायला काही लागत नाही. हे सांगताना मला लाज वाटत नाही, नुसतं वाईट वाटतं.

बाबा गेले आणि मी आईला तेलीबांध्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. मशीन आली, खाट आली. खाट बाल्कनीत पडली, कारण माझ्याकडे पलंग होते. तिच्यावर मी चादरी वाळत घालू लागले. मशीन आईच्या खोलीत, खिडकीपाशी, बुद्धाच्या तसबिरीखाली. पहिले काही दिवस आई शिवायची. बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज, फॉल, उशांचे अभ्रे. मध्ये मध्ये थांबायची, पण मला वाटलं, चला, रमली.

मग खालच्या मजल्यावरची भाभी आली. चांगली बाई आहे, उगाच भांडणारी नाही. दारात उभी राहून म्हणाली, "दीदी, बुरा मत मानना, पर मेरे पूजाघर की घंटी अपने आप बजती है."

आधी मला हसूच आलं. आमच्या घरात देवघर नाही, त्यामुळे आमच्याकडे वाजायला घंटीही नाही. खाली जाऊन पाहिलं तर खरंच. आईनं वर पाय मारला की खाली हुकाला लटकलेली पितळी घंटी किणकिण करायची. भाभीची सासू तर हात जोडून बसली होती.

आता हे माझंच काम. मी पोटासाठी हेच करते, आणि हे काम काय ते सांगायला गेलं की लोक जांभया देतात. रायपूरच्या आजूबाजूला इतके कारखाने आहेत, त्यांच्यात मोठमोठे पंखे आहेत, पंख्यांचे लोखंडी चौथरे आहेत. चौथरा थरथरायला लागला की साहेब लोक घाबरतात आणि दिसेल तिथं लोखंडी पट्टी वेल्डिंग करतात. मग थरथर वाढते. मग मला फोन. आधी वेल्डिंग, मग फोन, ही पद्धत अजून कुठं बदलली नाही.

प्रत्येक वस्तूची स्वतःची एक थरथर असते. तिला टिचकी मारली की ती आपल्याच वेगानं हलते, तुमच्या वेगानं नाही. वजन वाढवलं की हा वेग कमी होतो, पट्टी मारून कडक केलं की वाढतो. पंखा ज्या वेगानं फिरतो, तोच वेग चौथऱ्याचा झाला की संपलं, तो नाचायलाच लागतो. माझं काम हे की काही कापायच्या, जोडायच्या आधी सांगायचं: इथं एवढं वजन लावलं तर काय होईल, तिथं पट्टी मारली तर काय होईल. त्यासाठी मी वस्तू जशी आहे तशी मोजते. मेणानं सेन्सर चिकटवते, रबरी टोकाच्या हातोडीनं ठोकते, ती कशी हलली ते कॉम्प्युटरला देते, आणि मग नसलेलं वजन, नसलेली पट्टी आकड्यांमध्ये लावून बघते. सांगितलेलं खरं ठरतं, बहुतेक वेळा. एक अट आहे. मोजताना जे जोडलेलं असेल तेच हिशोबात येतं. जे नव्हतं, त्याच्याबद्दल कॉम्प्युटर मुका.

घंटीसाठी मी एवढं सगळं केलंच नाही. मशीनच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे सरकवले आणि मोकळी झाले. घंटी गप्प. भाभीनं खुश होऊन बेसनाच्या तळलेल्या ठेठरीचा डबा पाठवला. आणि आईनं शिवणं सोडलं.

एकदम नाही सोडलं. बसायची, थोडं चालवायची, मध्येच थांबायची. हात कापडावर, मान थोडी वळलेली, कान दिलेला. मग पुन्हा थोडं. मग उठून जायची आणि बाल्कनीत चादरींच्या मागं बसून राहायची. जेवण कमी झालं. फोनवर मावशीशी बोलणं कमी झालं. मी विचारलं की, "काही नाही वं, तू जाय ना तुह्या कामाले."

आणि मग हे कबाडीवाल्याचं.

मला वाटलं, रबर. रबरावर मशीन डुगडुगते, पायाला जोर लागत नाही, शिवण सरळ येत नाही. गुढियारीला खाली दगडी फर्शी होती, मशीन तिच्यावर ठाम उभी असायची. आईला तीच मशीन पाहिजे. मी म्हटलं, "मले रविवारपर्यंत वेळ दे. तुही मशीन तुले परत नाही दिली तर मी स्वतः खाली नेऊन देतो कबाडीवाल्याले."

"पाह्य बाप्पा," आई म्हणाली, "मशीन खोलीत हाय अन् हे परत देऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी आईच्या मशीनवर सेन्सर चिकटवले. ऑफिसात कळलं असतं तर हसले असते. स्टँडला ठोकलं, फळीला ठोकलं, फ्लॅटच्या जमिनीला ठोकलं. आई बाल्कनीतून काढलेली चादर घडी करत बघत होती.

"डॉक्टरीन झाली का वं मशीनची? नाडी पाहून राहिली?"

"नाडीच पाहून राहिलो. तू गप बस."

"ताप हाय का?"

"आई!"

मला राग आला, पण बऱ्याच दिवसांनी ती चिडवत होती, म्हणून गिळला. कॉम्प्युटरमध्ये मी मशीनखाली एक जड दगड ठेवला, दगडाखाली रबर. दगड जड असला की मशीन त्याला हलवू शकत नाही, आणि जे थोडंफार हलेल ते रबर खाली जाऊ देत नाही. पायाला ठाम, घंटीला गप्प. आकडे इतके छान आले की मी एकटीच हसले. फर्शीवाल्याकडून काळी जाड फर्शी कापून आणली, वॉचमन आणि मी मिळून लिफ्टनं वर चढवली, आणि पुन्हा मोजलं. सांगितलं होतं तसंच. घंटीनं ब्र काढला नाही.

आई बसली. चाकाला हात लावला, पाय मारला. मशीन सरळ, ठाम, गुढियारीसारखी. आईनं एक लांब शिवण घातली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

मध्येच ती थांबली. मान तशीच वळलेली.

"काय झालं? कुठं अडली?"

"काही नाही. चांगली चालते." उठली. "चांगलं केलं तू. पण देऊन टाक."

कप्पाळ माझं! मी भांडले. म्हटलं, तुला काय पाहिजे ते तरी सांग, मी काय मनकवडी आहे का? आई म्हणाली, मलेच नाही माहीत तर तुले काय सांगू. आणि ती खोटं बोलत नव्हती, हे मला दिसत होतं. म्हणून जास्तच भांडले.

दुसऱ्या दिवशी एका कारखान्यातून परत येताना मी गाडी गुढियारीकडे वळवली. का, ते तेव्हा धड माहीत नव्हतं. फर्शीची जाडी बघायची, असं स्वतःला सांगितलं. आमच्या खोलीत आता एक छत्तीसगढी बाई राहते. मी सांगितलं, इथं लहानपणी राहायचे, तर तिनं लगेच आत बोलावलं, पाणी दिलं. जमिनीवर टाइल्स लागल्या होत्या. फर्शी गेली. मी दारात उभी राहून खोली बघत होते, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला ती खोली किती अरुंद आहे ते दिसलं. या भिंतीला मशीन, त्या भिंतीला खाट. मध्ये जागाच नाही. मध्ये जागा असूच शकत नव्हती. खाटेचा पाय मशीनच्या स्टँडला टेकलेलाच असणार.

आणि मग चिंधी आठवली. पेटीकोटाच्या कापडाची किनार, लाल, कधी हिरवी. खाटेचा पाय स्टँडवर टकटक आपटायचा आणि बाबांची झोप मोडायची, म्हणून आईनं दोन्ही एकत्र करकचून बांधून टाकले होते. चिंधी झिजली की नवी. बाबा ड्यूटीवर असले आणि आई शिवायला बसली, की रिकामी खाट अशी झणझणायची, की आई म्हणायची, "पाह्य, ओरडून राहिली खाट." बाबा निजले की खाट गप्प.

मी त्या परक्या बाईसमोर चक्क रडले. ती बिचारी "का होगे दीदी, बैठ ना" म्हणत राहिली. काय सांगणार तिला? मी मशीन मोजली होती. एकटी. आणि ती मशीन कधी एकटी नव्हतीच. मशीन, चिंधी, खाट आणि खाटेवर निजलेला माणूस, हे सगळं मिळून एक होतं, एकत्र थरथरत होतं. आईच्या पायाला आयुष्यभर ते सगळं लागत होतं. बाबांनी कूस बदलली तर तिच्या पायाखालचा ताल बदलत असणार. तिला ते कळत होतं हे तिलाच माहीत नसेल.

आयुष्यभर मी लोकांची थरथर मारत आले. ही एक मला परत पाहिजे होती. तिच्यासाठी पाहिजे होती, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही.

शनिवारी बाल्कनीतली खाट आत घेतली. आई म्हणाली, "आता हे काहून?" मी म्हटलं, "बघ तू." खाटेच्या पायांखाली रबर ठेवलं, एक पाय मशीनच्या स्टँडला लावला. स्टँडवर एका जागी काळा रंग घासून खालचं लोखंड उजळ झालेलं होतं. इतकी वर्षं ती मशीन पुसली, तेलपाणी केलं, आणि तो डाग मला दिसला नव्हता. तिथंच चिंधी बांधली. चिंधी आईनंच काढून दिली, आणि गाठही तिनंच मारली, मला बाजूला सारून.

आकडे आधी मांडले होते. रिकामी खाट बांधली तर खाटेची थरथर मशीनच्या वेगावर येऊन बसणार होती, म्हणजे गोंधळ. झालंही तसंच. आईनं पाय मारला, खाट झणझणली आणि खालून भाभीचा फोन, "दीदी, भगवान फिर जाग गए!" मी म्हटलं, माफ करा, पाच मिनिटं. आणि स्वयंपाकघरातून वर्षाच्या तांदळाची पोती ओढत आणली, बाबांच्या वजनाएवढी होतील इतकी, आणि खाटेवर लांब मांडली. माणूस झोपतो तशी. वजनानं थरथर खाली जाईल आणि तांदूळ बाकीची गिळेल, असं कॉम्प्युटरनं सांगितलं होतं. तसंच झालं. घंटी गप्प, खाट गप्प, पायाखाली ती भरलेली, जड चाल. माझं सांगितलेलं शब्दशः खरं ठरलं.

आई चालवत राहिली. बराच वेळ. मग थांबली, वळून पोत्यांकडे बघितलं, आणि खूप हळू म्हणाली, "पोतं हाय वं हे."

पोती मी परत स्वयंपाकघरात नेली. जेवताना ती म्हणाली, "उद्या रविवार हाय," आणि मी म्हटलं, "हव."

रविवारी सकाळी मी बॉबिन काठोकाठ भरून दिली. म्हटलं, शेवटचं म्हणून माझ्या उशीचे अभ्रे तेवढे शिवून दे, मग द्यायची तर दे. आईला माझी दया आली असावी. बसली. खाट अजून बांधलेलीच होती. रिकामी ठेवली असती तर भाभीचा फोन आला असता, आणि पोती पुन्हा ओढत आणायचं माझ्यात त्राण नव्हतं. म्हणून मीच आडवी झाले. दुसरं काहीही डोक्यात नव्हतं, नुसतं वजन पाहिजे होतं खाटेवर.

आईनं पाय मारला.

आली. पट्ट्यांतून, गादीतून, पाठीत. तीच. मला हसू आलं, अगदी तेच जुनं हसू, दातांत गुदगुली होऊन. डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं, पुसायलाही हात उचलवेना. अभ्र्याची एक बाजू झाली, दुसरी झाली. मी कूस बदलली. आईचा पाय क्षणभर अडखळला, आणि मग पुन्हा लागला. खिडकीतून ऊन येत होतं. कधी डोळा लागला ते मला सांगता येणार नाही.

मग खालून गेटापाशी आरोळी आली. "कबाड़ीऽऽ, लोहा-लक्कड़, कबाड़ीऽऽ."

मशीन थांबली.

मला जाग आली ती आरोळीनं नाही. पाठ रिकामी झाली म्हणून आली. डोळे मिटलेलेच होते. मी कुठं आहे, किती वयाची आहे, काही समजत नव्हतं. झोपेतच तोंडातून गेलं, "काहून थांबली वं?"

खाली कबाडीवाला पुन्हा ओरडला. मी डोळे उघडले नाहीत, मला आता उघडायचेच नव्हते.

"दोरा सरला," आई म्हणाली. "झोप तू."

बॉबिन बदलल्याचा आवाज आला नाही. दोरा संपलेलाच नव्हता. तिनं चाकाला हात लावला, आणि थरथर पुन्हा माझ्या पाठीत आली. कबाडीवाला पुढच्या बिल्डिंगकडे निघून गेला.